मामाच्या फेट्यामागून खासबागेत

चपला काढा. देवळात नाही न्यायचं तुम्हाला, पण जिथं निघालो आहोत तिथंही चपला उंबऱ्याबाहेरच राहतात. मनगटावरचं घड्याळ सोडा, मोबाईल बंद करून कपाटात ठेवा. आजच्यापुरतं तुमचं वय सोळा. गुडघे दुखत नाहीत, कंबर धरत नाही आणि सकाळपासून पोटात एक भाकरी न् तांब्याभर ताक, एवढंच काय ते आहे. वाचणाऱ्या बाई असाल तर केस फेट्याखाली घाला आणि कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवा, कारण त्या काळात तुम्हाला तिथं कुणी आत घेणार नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून तर तुम्हाला घेऊन जायचंच आहे.

साल १९१२. गाव श्रीगोंदा. अजून फटफटलेलं नाही.

वेशीबाहेर बैलगाडी जुंपून तयार आहे. बैलांच्या अंगाचा ऊबदार, गवतासारखा वास येतोय. शिंद्यांच्या वाड्याची भिंत अंधारात नुसती काळी उभी. मामा आधीच गाडीत चढून बसलाय. उंचीला तो तुमच्या खांद्याएवढा, पण फेटा असा बांधतो की चार बोटं तरी वाढावीत. शेख महंमद महाराजांच्या समाधीपाशी वाकून त्यानं चिमूटभर अंगारा आणलाय, तो तुमच्या कपाळाला लावतो. बोटांना तंबाखूचा वास आहे.

"बस नीट. लांब जायचंय," मामा म्हणतो. "कोल्हापूरला."

कशाला, ते मागच्या जत्रेपासून तुम्हाला ठाऊक आहे. गावच्या हगाम्यात तुम्ही पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्यांत लोळून आला होतात. मूठभर रेवड्या मातीसकट तोंडात, तीळ दाताखाली, माती जिभेवर. मग मोठ्या जोडी सुरू झाल्या आणि माणसांनी कडं केलं. सपाट रान, चारी बाजूंनी माणसं उभी, पुढच्याच्या खांद्यावर मागच्याची हनुवटी. पोरं लिंबावर चढलेली, काही गाडीच्या जुवावर. मामा तुमच्या खांद्यांवर हात रोवून चवड्यांवर उभा राहिला आणि त्याला दिसल्या त्या फक्त पाठी. घामानं भिजलेल्या बंड्या, फेट्यांचे शेमले. शेवटची कुस्ती सुटली तेव्हा आरोळी उठली आणि मामानं शेजाऱ्याला विचारलं, "कोण पडलं?" तीस वर्षं तो हगामे पाहतोय. पण पडणारा पडताना कसा दिसतो, हे त्यानं कधी पाहिलेलं नाही.

मग बाजारात कुणीतरी सांगितलं, कोल्हापूरच्या महाराजांनी कुस्तीसाठी मैदान बांधलंय. असं, की पार शेवटी बसलेल्या माणसालाही दिसतं. मामानं त्याच आठवड्यात जोंधळ्याचं एक पोतं विकलं.

दौंडापर्यंत गाडीवाट आहे. चाकोरीत चाक आपटलं की दात दातांवर वाजतात. उन्हं वर येतात, भीमा ओलांडताना पाण्याचा गार वारा मांड्यांना लागतो आणि मग एकदम रेल्वे. कोळशाचा धूर, गरम तेल, शिट्टी, कुणाच्या तरी टोपलीतल्या कोंबड्या. तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर तुमच्या दोन्ही बाजूंना अनोळखी माणसांची कोपरं. पुण्याला गाडी बदलायची. पुढचे रूळ अरुंद, डबेही लहान, हलणं मात्र दुप्पट. घाटात बोगदा आला की खिडकीतून काजळी आत घुसते. डोळा चोळू नका, पंचाचा कोपरा थुंकीनं ओला करून अलगद टिपा. जेजुरी आली तसा अख्खा डबा जागा होऊन 'यळकोट' करतो आणि पुन्हा पेंगायला लागतो. मिरजेला उतरून परत दुसरी गाडी. अंग आंबतं, पायांना मुंग्या येतात. भाकरी कडक होते, ठेचा मात्र जास्तच चढतो.

कोल्हापूर. स्टेशनाबाहेर टांगेवाले ओरडताहेत, पण मामा टांगा करत नाही. चालत अंबाबाईच्या देवळाशी जायचं, बाहेरूनच हात जोडायचे आणि वाटेत म्हशी बांधलेल्या कट्ट्यावर थांबायचं. इथं दूध मागितलं की म्हैस तुमच्यासमोर पिळतात. चरवीत धारा वाजतात. पेला हातात येतो तो अंगाइतका गरम, वर बोटभर फेस. ओठांवर मिशा उमटतात, पुसू नका. या गावात दूध पिणाऱ्याकडं लोक कौतुकानं बघतात.

"कुठलं गाव म्हणायचं?" गवळी विचारतो.

"श्रीगोंदा. नगराकडं."

"लई लांबनं आलायसा की! मग उतरणार कुठं? तालमीत जावा. पैलवानाच्या पोराला कोण न्हाई म्हणतंय?"

आता वाका. आणखी. तालमीचं दार मुद्दाम बुटकं केलेलं असतं, छाती काढून आत जाता येत नाही. आत पाऊल टाकलंत की आधी काही दिसतच नाही. भिंती हातभर जाड, एकच झरोका, कोनाड्यात शेंदराचा मारुती आणि त्याच्यापुढं समई. बाहेर ऊन तापलेलं, आत मात्र मडक्यातल्यासारखा गारवा. मग वास येतात, एकामागून एक: तेल, ताक, हळद, कापूर आणि या सगळ्यांच्या खाली वर्षानुवर्षांचा मुरलेला घाम. नाक मुरडू नका. दोन श्वासांत तो वास तुमचाच होतो.

आपल्याकडं ऊन आणि पाऊस, म्हणून जाड भिंतींची तालीम. आणि एका छताखाली अनेक कामं म्हणाल तर कोल्हापूरच्या तालमीचा हात कोण धरणार? पहाटे इथं जोर-बैठका आणि लढती, तिन्हीसांजेला लाठी, दांडपट्ट्याचे हात, रात्री परगावच्या पोरांची पथारी. गणपती बसतो तो कितीतरी तालमींत, आणि मोहरमातले पंजेही बसतात ते तालमीतच. मामाला हे पाहून नवल वाटत नाही. त्याच्या गावचा संत शेख महंमद जन्मानं मुसलमान, विठ्ठलाचा वारकरी आणि 'योगसंग्राम' लिहिणारा. मारुतीपुढं आणि पंजाच्या जागेपुढं तो सारखाच वाकतो आणि कोपऱ्यात आपलं गाठोडं ठेवतो.

रात्री झोप लागते न लागते तोच कुणीतरी तुमच्या तळपायाला चापट मारतं. अजून अंधार आहे. वस्ताद समईजवळ बसलेत, कान मोडून मोडून फुलकोबीसारखे झालेले, आवाज अगदी मऊ. ते तुमच्या हातात खोरं देतात.

"आधी माती उकरा. मग बघू."

हौद्यात उतरा. रात्रभर बसलेली माती पायाला गार आणि घट्ट लागते. खोरं मारलं की ती फुटते आणि आतून लालभडक, ओलसर, मऊ माती वर येते. हातात घेऊन बघा. मूठ आवळली तर लाडू होतो, बोटानं दाबला तर लगेच मोकळा. ही काही शेतातली माती नाही. चाळून आणलेली, खडा न् खडा वेचलेला, मग तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर. तेलानं धुरळा बसतो, ताकानं मऊपणा येतो आणि अंग खरचटलं की हळद आपलं काम करते. आज श्रीगोंद्याची लिंबं दूरदूरच्या बाजारांत जातात. एखादं असल्या हौद्यात पिळलं जात असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो आणि बरं वाटतं. अर्धा हौदा उकरेपर्यंत तुमचे तळवे सोलवटलेत, पाठीतून घाम ओघळतोय आणि वस्तादांनी अजून एक शब्दही काढलेला नाही. तुमचा व्यायाम सुरू झाला, हे तुम्हाला आत्ता कळतं.

मग ते एका पोराकडं बोट दाखवतात. वयानं तुमच्याएवढाच, अंगानं बारीक. बरं वाटलं ना? थोडंच टिकणार आहे ते.

त्यानं मूठभर माती तुमच्या खांद्यावर टाकली, तुम्ही त्याच्या. पकड निसटू नये म्हणून हे करायचं. हातावर हात, कपाळाला कपाळ. त्याचा श्वास तुमच्या गळ्यावर, दुधाचा वास. तुमचं डोकं त्यानं मानेतून खाली ओढलं, तुम्ही वर उचललंत, आणि नेमकं तेच त्याला हवं होतं. तो खाली गेला, तुमची एक पोटरी त्याच्या कवेत, आणि तालमीचं छप्पर एकदम तुमच्या डोळ्यांपुढं आडवं. पाठीखाली माती धप्प वाजते. लागलं नाही. तोंडात मात्र माती गेली: आंबूस, हळदीची कडवट, थोडी खारट. एकेरी पट. आता हा डाव तुम्ही जन्मात विसरणार नाही, कारण तो तुमच्या जिभेला माहीत झालाय.

"उठा," वस्ताद म्हणतात. "पुन्हा."

सहा वेळा पडलात. सातव्यांदा तुम्ही पाय मागं घेतलात आणि त्याच्या हाताला नुसती माती आली. वस्तादांनी मान डोलावली, एवढीशीच. बाहेर कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटली जातेय. त्या थंडाईचा पहिला घोट घशातून खाली उतरतो तेव्हा तो कुठवर पोहोचला, हे तुम्हाला बोटानं दाखवता येईल.

दुपारपासून गाव एकाच दिशेनं वाहू लागतं.

तुम्ही वाहत्या गर्दीत पडलात की पाय फक्त उचलायचे, न्यायचं काम गर्दी करते. मिरजकर तिकटीकडून फेट्यांचा लोंढा येतोय: गुलाबी, केशरी, पांढरे. कातडी पायताणांची करकर, घुंगरांच्या गाड्या, भाजलेल्या शेंगांचा धूर, कुणाच्या तरी कानातलं हिना अत्तर. लांबून हलगी ऐकू येते. तिच्या मागं घुमकं, कैताळ. हलगी नुसती कानाला ऐकू येत नाही, ती छातीच्या पिंजऱ्यात वाजते. मामानं तुमचं मनगट घट्ट धरलंय आणि त्याचा हात गार पडलाय. पुन्हा एकदा पाठीच बघून परत जावं लागेल, याची ती भीती आहे.

खासबागेच्या दारातून आत. आणि थांबा. इथं सगळेच क्षणभर थांबतात.

तुमच्या पायांखालून जमीन खाली उतरत गेलीय. वाडग्यासारखं गोल मैदान, चहूकडून मधे घसरत गेलेलं, आणि तळाशी लाल मातीचा हौदा, कुंकवाच्या करंड्यासारखा. प्रत्येक माणूस पुढच्यापेक्षा वर बसलाय. कुणाचं डोकं कुणाच्या आड नाही. सगळं मैदान अजून नवं आहे, दगडांवर टाकीचे घाव ताजे, चुन्याचा वास गेलेला नाही. छत नाही, वर नुसतं आभाळ, आणि तरीही एखाद्या घराच्या आत आल्यासारखं वाटतं. हजारो माणसं तुमच्यासारखीच उकिडवी बसलेली आणि समोरच्या बाजूच्या माणसाचा चेहराही ओळखू यावा असा उजेड.

मामा मुद्दाम सगळ्यात मागं, सगळ्यात वर जाऊन बसतो. "बघूच," म्हणतो.

शेजारच्या म्हाताऱ्यानं चंची सोडलीय. अर्धं पान तुमच्यापुढं करत तो सांगतो, "म्हाराज विलायतेला गेल्ते बादशहाच्या राज्याभिषेकाला, तवा रोम शहरात असला गोल दगडी आखाडा बघून आले. मोडका. हजारो वर्षांचा. म्हन्ले, माझ्या कुस्तीला असलं पायजे." १९०२ सालची ती गोष्ट, दहा वर्षांत कोल्हापूरच्या पानतंबाखूत अशी मुरली आहे. रोममधल्या त्या कोलोसियममध्ये माणसं मरताना बघायला लोक जमत. शाहू महाराजांनी तिथून घेतला तो उतार, बसणाऱ्याची सोय. बाकी सगळं तिथंच ठेवलं. कोण कुठं बसतं यावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या त्या काळात, शेवटच्या माणसाला दिसलं पाहिजे हे कुणाच्या तरी डोक्यात पहिलं आलं, याचं मला फार मोल वाटतं.

महाराज आले. धिप्पाड देह, स्वतः मातीत घुमलेला. सगळं मैदान उठून उभं राहतं आणि बसतं, तेव्हा लाट आल्यासारखा धुरळा उठतो.

लहान जोडी सुटताहेत. लाऊडस्पीकर अजून कुणी ऐकलेलाही नाही. पंच दोघांचे हात धरून मैदानात फिरवतो, हलगीवाले पुढं चालतात, नाव एका बाजूनं पुकारलं की माणसांच्या तोंडातोंडी दुसऱ्या बाजूला पोहोचतं. शड्डूचा आवाज ऐका: दंडावर, मांडीवर तळवा असा पडतो की वाटतं फळी मोडली. गुण नाहीत, घड्याळ नाही. दोन्ही खांदे मातीला लागेपर्यंत कुस्ती चालू. एक जोड अडकली की पाऊण-पाऊण तास खडाखडी. मग ऊन टाळूवर बसतं, पाठीला शेजाऱ्याची पाठ चिकटते, तहान लागते आणि उठायचं धाडस होत नाही. मैदान शांत झालं की हौद्यातल्या माणसांचे श्वाससुद्धा वरपर्यंत येतात. खरंच येतात. मामा तुमच्याकडं बघतो, त्याचे डोळे मोठे झालेत. "ऐकू बी येतंय रं!"

मधल्या वेळात पाय मोकळे करा, आणि एक गोष्ट कानात सांगतो, मामाला सांगू नका. इथून तीन वर्षांनी या मैदानाला लागून महाराजांचं पॅलेस थिएटर उभं राहील, आज ज्याला केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतात ते. चाळीस वर्षांनी कराडजवळच्या गोळेश्वरचा आणि याच गावच्या राजाराम कॉलेजात शिकलेला खाशाबा जाधव हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक आणेल. आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, त्या नाट्यगृहाला आग लागेल आणि कोल्हापूरची माणसं रस्त्यावर उभी राहून रडतील. या मातीला चिकटून असलेलं काही जळालं की लोकांना घरातलं जळाल्यासारखं का वाटतं, ते तुम्हाला आज इथं बसल्यावर कळेल. बस्स, पुढचं एवढंच. मागं फिरा.

कारण हलगीची चाल बदललीय.

पंजाबचे मल्ल उतरताहेत. इमामबक्ष, गामा पैलवानाचा भाऊ. "दोन वर्सांमागं हाच गडी लंडनात जाऊन आला," म्हातारा तुमच्या कानात ओरडतो. "गोऱ्याला पाडला!" तो गोरा स्विस मल्ल जॉन लेम, पण नावाशी इथं कुणाला देणंघेणं नाही. समोर गुलाम मोहिद्दीन. उंच, तेलानं चकाकणारी अंगं. हौद्यात पाय टाकण्याआधी खाली वाकून मातीला हात लावून तो कपाळाला नेतात, आणि त्याबरोबर वर बसलेल्या शेकडो माणसांचे हात नकळत आपापल्या कपाळाला जातात. तुमचाही गेला. मामानं लावलेला अंगारा बोटाला लागला.

हस्तांदोलन. सलामी. पकड.

आता मैदानात आवाज नाही. हलगी थांबलीय. कुठंतरी एक लहान पोर खोकलं, तर हजार माना वळल्या आणि परत फिरल्या. तुमच्या मांड्यांना मुंग्या आल्यात, जिभेवर पानाचा चुना चरचरतोय, कपाळावरून घाम भुवईवर येऊन थांबलाय. पुसायला हात वर नेलात तर काहीतरी निसटेल असं वाटतं. सगळ्यांचे श्वास एकाच लयीत चाललेत, हौद्यातल्या दोघांच्या लयीत. ते दाबतात तेव्हा तुम्ही दाबता. ते सुटतात तेव्हा तुमचा श्वास सुटतो.

आणि नेमकं तेव्हा, का कोण जाणे, तुम्ही शेजारी बघितलंत.

मामा बसलेला आहे. चवड्यांवर उभा नाही, मान ताणलेली नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर, फेटा काढून मांडीवर ठेवलाय, कारण त्याची उंची आज कुणालाच लागत नाही. तोंड किंचित उघडं. डोळ्यांची पापणी हलत नाही. आणि त्या डोळ्यांत एकदम काहीतरी लखकन झालं, त्याचा उजवा खांदा आपोआप वळला, हात पुढं गेला, बोटं मिटली.

मैदान फुटलं. आरोळी इतकी मोठी की ती कानांना कळतच नाही, पायांखालच्या जमिनीतून वर चढते. फेटे हवेत. रुपये हौद्याकडं फेकले जाताहेत, हलग्या एकाच वेळी सुटल्यात, अनोळखी माणसं तुमच्या गळ्यात पडताहेत, तोंडात कुणीतरी गुळाचा खडा कोंबला. इमामबक्ष जिंकला. तुम्ही खाली बघेपर्यंत पंचानं त्याचा हात वर केलेला आहे.

"कोण पडलं? कसं पडलं?" तुम्ही विचारलंत.

मामा तुमच्याकडं असा बघतो, जणू जन्मभर या प्रश्नाची वाट पाहत होता.

तालमीत परतल्यावर त्यानं पहिल्यांदा सांगितलं. रात्रीच्या गाडीत, मिरजेला, झोपलेल्या एका वाण्याला उठवून त्यालाही सांगितलं. बोगद्याच्या काळोखात त्याचा आवाज येत होता: "डावा हात हितं. ध्यान दे. हितं." पुण्याच्या फलाटावर त्यानं तुम्हाला उभं केलं, तुमच्या मानेवर हात ठेवला, पाय लावला, आणि हमालांनी बोजे खाली ठेवून गोल केला. कुणाला दिसेना म्हणून त्यानं मागच्या दोघांना पेट्यांवर चढायला लावलं आणि ते चढेपर्यंत तुमची मान तशीच धरून ठेवली.

आता दौंडापुढची गाडीवाट आहे. उन्हं कलली आहेत. तुमच्या कानात अजून लाल माती अडकलेली, नखांत आहे, केसांच्या मुळांशी आहे. भीमेवर बैलांना पाणी दाखवायला गाडी थांबली तशी तुम्ही ओंजळभर पाणी घेतलंत तोंड धुवायला.

"थांब, धुऊ नको," मामा गाडीतून खाली उडी मारत म्हणतो. त्यानं फेटा काढून जुवावर ठेवलाय. "ये हिकडं वाळूत. ही मऊ हाय. आता खरंच पाडून दावतो."